उबुंटू, ग्रबचा मेनू आणि दर महिन्याला येणारं नवीन कर्नल : एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंतचा अनुभव

सेलूत माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर २०२४ च्या दिवाळीत उबुंटू २४.०४ (विंडोजसारखीच, पण फुकटची लिनक्स सिस्टिम) टाकलं, विंडोज तसंच शेजारी ठेवलं कारण आमचं अंगठ्याचं मशीन विंडोजवरच चालतंय. आधीच सांगतो, उबुंटूबद्दल माझी तक्रार नाही, पाच पैकी साडेचार स्टार. पण चालू करताना उबुंटू की विंडोज असं विचारणारा जो काळा मेनू येतो ना, ग्रब, त्यानं मला जेवढं छळलंय तेवढं गिऱ्हाइकांनी पण छळलं नाही, आणि त्यात निम्मी चूक माझीच होती.

सुरुवातीला मी ग्रब कस्टमायझर टाकलं. माऊसनं ओळी वर-खाली करायच्या, नाव बदलायचं, मागं फोटो लावायचा, मी आपला सोयाबीनच्या वावराचा फोटो लावला, दोन महिने लई भारी वाटलं. मग अपडेटमध्ये नवीन कर्नल (सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर तोच चालवतो) आलं आणि मेनूत कुठली ओळ कुठं गेली काही कळंना, एक नाव दोनदा दिसायलं. कारण असंय की हे सॉफ्टवेअर /ईटीसी/ग्रब.डी मधल्या मूळ स्क्रिप्ट (मेनू बनवणाऱ्या छोट्या फाईली) बाजूला सारून स्वतःच्या स्क्रिप्ट बसवतंय, आणि काढून टाकलं तरी त्या तिथंच राहतात. शेवटी ते फोल्डर बाजूला ठेवून ग्रब-कॉमन पॅकेज फोर्स-कॉन्फमिस (गेलेल्या सेटिंगच्या फाईली परत आणणारा पर्याय) लावून परत टाकावं लागलं. त्यात विंडोजची ओळच गायब झाली. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, सेटिंगच्या फाईलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर समोर फॉल्स लिहून अपडेट-ग्रब (मेनू परत बनवायची कमांड) मारलं की विंडोज परत दिसलं. कस्टमायझरला दोन स्टार, ते पण फोटोसाठी.

आता मेन गोष्ट. टाकलं तेव्हा कर्नल होतं ६.८. मार्चच्या आसपास आपोआप ६.११ आलं आणि सकाळी वायफायच लागंना. माझा डोंगल स्वस्तातला, त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, बाहेरून टाकलेला. डीकेएमएस म्हणून एक व्यवस्था असती, ती दर नवीन कर्नलला तो ड्रायव्हर परत बांधून देती, पण ड्रायव्हरचा कोडच जुना असला तर ती तरी काय करणार. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन ६.८ निवडलं की सगळं ठीक. तर मार्च ते जुलै मी रोज सकाळी अगरबत्ती लावायच्या आधी एस्केप दाबायचो, ॲडव्हान्स्डमध्ये जायचो, ६.८ वर एंटर. एस्केप जरा जास्त वेळा दाबला तर मेनूच्या जागी नुसता 'ग्रब>' असा प्रॉम्प्ट येतो, पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं डिस्कच गेली.

जुलैत पीक विम्याची गर्दी सुरू होणार म्हणून एका रविवारी बसलो आणि /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाईलीत ग्रब_डिफॉल्ट समोर "१>२" टाकलं (आकडे अर्थात इंग्रजीच टाकायचे). मोजणी शून्यापासून असती, म्हणजे १ म्हणजे वरून दुसरी ओळ, ॲडव्हान्स्डवाली, आणि तिच्या आतली २ म्हणजे तिसरी. आत प्रत्येक कर्नलच्या दोन ओळी, एक साधी, एक रिकव्हरी, म्हणून ० आणि १ नव्या कर्नलचे, २ पासून जुन्याचं. मी माझी पाठ थोपटून घेतली.

आठवडाभरात ६.११ चंच पुढचं पॅकेज आलं. ग्रब नेहमी मोठ्या आकड्याचं कर्नल वर टाकतो, त्यामुळं सगळ्या ओळी दोन-दोन घरं खाली सरकल्या आणि माझ्या २ नंबरच्या जागी आधीचं ६.११ येऊन बसलं. मला पत्ताच नाही. त्यादिवशी वायफाय लागंना म्हणून मी वैतागून, जागा बी कमी होती म्हणून, एपीटी ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं काढायची कमांड) मारलं. ऑटोरिमूव्ह चालू असलेलं कर्नल आणि सगळ्यात नवीन कर्नल सोडतंय. चालू होतं ६.११. म्हणजे माझं ६.८ माझ्याच हातानं गेलं.

दुकानात बारा-पंधरा लोक, हातात सातबारा, आधार, पासबुक. एक मामा म्हणले, "काय झालं रे, सर्वर डाऊन हाय का?" मी म्हणलं हाव मामा, सर्वर डाऊन हाय. "तुमचं सर्वर कवा डाऊन नसतंय ते सांग," म्हणले आणि बाकड्यावर जाऊन बसले. कर्नल उडालं हे मी त्यांना काय सांगू! मग मोबाईल वायरीनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, त्याला बाहेरचा ड्रायव्हर लागत नाही, त्या नेटवर लिनक्स-जेनेरिक हे पॅकेज टाकलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: २४.०४ मध्ये लिनक्स-जेनेरिक म्हणजे ६.८ चीच लाईन, तिला सिक्युरिटी अपडेट येत राहतात, पण आकडा वर चढत नाही. ज्याच्या नावात एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) आहे ते पॅकेज दर सहा महिन्यांनी नवीन कर्नलवर नेतंय. जुन्या मशीनला एचडब्ल्यूई कशाला पाहिजे हे मला आजपण समजलं नाही, पण डेस्कटॉपला तेच बसवलेलं असतं.

तेव्हापासून आकडा बंद. ग्रब_डिफॉल्ट समोर सेव्ह्ड लिहिलं, आणि ग्रब-सेट-डिफॉल्ट कमांडला ६.८ ची पूर्ण आयडी दिली. ही आयडी /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी मध्ये मेनूएंट्री शोधली की सापडती, आधी सबमेनूची आयडी, मग > , मग त्या कर्नलची, लांबलचक अक्षरं, कॉपी करूनच टाकायची. यात कर्नलचा नंबरच लिहिलेला असल्यामुळं वर कितीबी ओळी वाढल्या तरी तो बरोबर तिथंच जातो. भानगड एवढीच की ६.८ चं पण पुढचं पॅकेज आलं की आयडी बदलावी लागती, आणि ते कर्नल निघून गेलं असंल तर ग्रब गपचूप पहिल्या ओळीवर जातो, बोलत बी नाही. म्हणून त्या एका ६.८ ची पॅकेजं मी एपीटी-मार्क होल्ड करून (म्हणजे हलवायची नाहीत असं बजावून) ठेवलीत, इमेज (कर्नल स्वतः) आणि मॉड्यूल (त्याचे ड्रायव्हर) दोन्ही, नुसती इमेज धरून उपयोग नाही.

ग्रब_सेव्हडिफॉल्ट ट्रू करून शेवटची निवड लक्षात ठेवायला लावता येतं, मी आठ-दहा दिवस करून बघितलं. घरी ठीक आहे. दुकानात पोऱ्या दुपारी विंडोज उघडतो आणि दुसऱ्या दिवशी मी आलो की समोर विंडोज. त्यापेक्षा ग्रब-रिबूट छान, फक्त पुढच्या एका बूटपुरतं विंडोज निवडतंय, त्यानंतर परत आपलं नेहमीचं. त्याचा मी डेस्कटॉपवर आयकॉन करून ठेवलाय, नाव दिलंय 'अंगठा'. /बूट जर एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर (डिस्क मांडायच्या वेगळ्या पद्धती) असंल तर ग्रबला चालू होताना तिथं लिहिता येत नाही, मग हे लक्षात ठेवायचं काम बिघडतंय, आमच्या एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर तेच झालं होतं.

आणखी एक, आपल्याकडच्यांसाठी खास. सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की लाईट दिवसातून दहादा यायची-जायची, आणि इन्व्हर्टरची बॅटरी माझी आधीच म्हातारी. मशीन चालू होता होता लाईट गेली की उबुंटूचा ग्रब 'मागचं बूट फसलं' अशी खूण ठेवतो आणि पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद दाखवत थांबतो, तुम्ही टाइमआउट ५ ठेवलेला असला तरी. पोऱ्या फोन करायचा, "दादा, ते काळं पान आलंय, काय दाबू?" मी म्हणायचो कायच दाबू नको, हात मागं घे. नंतर कळलं की ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट म्हणून वेगळी ओळ आहे, फाईलीत ती आधीपासून नसती, आपण टाकावी लागती. ५ टाकलं, फोन बंद.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर दोनदा ग्रब आलाच नाही, सरळ विंडोज. बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर घेतलं, दोन मिनिटांचं काम.

ऑगस्टपासून मेनूत सगळ्यात वर ६.१४ दिसायलंय. अजून एकदाबी त्यावर एंटर मारला नाही. युनेम -आर (चालू कर्नलचा नंबर सांगणारी कमांड) करून रोज सकाळी बघतो, ६.८ आलं की शटर पूर्ण वर करतो. डोंगल बदल म्हणून बायको मागं लागलीय, दिवाळीनंतर बघू म्हणलंय.