फेरफार झाल्याशिवाय फोटो दिसत नाही: दुकानातल्या नेक्स्टक्लाउडचे दहा महिने

२०२४ च्या दिवाळीत दुकानातल्या जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड बसवला, म्हणजे फाईली ठेवायचा स्वतःचा क्लाउड. तो डॉकरमध्ये चालतो; डॉकर प्रत्येक प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो. आता पोळा तोंडावर आलाय. मधल्या काळात त्यानं एक लग्नसराई, एक गारपीट, मे महिना आणि जुलैतली पीकविम्याची गर्दी पाहिली, म्हणून आता लिहायला बसलो. बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेले अनुभव मी तेव्हा ढीगभर वाचले होते. त्यांचा फार उपयोग झाला नाही, कारण खरी गंमत तिसऱ्या महिन्यात सुरू होते.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. दुकानात पुढे झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म, मागच्या खोलीत फोटो स्टुडिओ. म्हणजे फाईली दोन जातीच्या. एक लग्नाचे फोटो, एकेका लग्नाचे साठ-सत्तर जीबी. दुसरी लोकांची कागदपत्रं: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान. आधी हे सगळं दोन हार्डडिस्क, सहा पेनड्राईव्ह आणि व्हॉट्सॲपवर विखुरलेलं असायचं. विकतचा क्लाउड घेऊन पाहिला, पण गावातल्या नेटवर एक लग्न वर चढवायचं म्हणजे दोन रात्री जायच्या. दुकानातल्या दुकानात वायफायवर तेच काम चहा होईपर्यंत आटोपतं, हे एक कारणच मला पुरेसं होतं.

सामान साधं आहे. आय-थ्री लॅपटॉप, ८ जीबी रॅम, उबुंटू सर्व्हर, २ टीबीची बाहेरची डिस्क. कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कंपोझ फाईलमध्ये चार कंटेनर: नेक्स्टक्लाउड, मारियाडीबी (डेटाबेस, म्हणजे नोंदवही), रेडिस (घाईच्या तात्पुरत्या नोंदी) आणि दर पाच मिनिटांनी मागची कामं उरकणारा क्रॉन. बाहेरून बघायला टेलस्केल, म्हणजे फक्त आपल्या उपकरणांमधलं खासगी जाळं, कारण आमच्याकडच्या नेटला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, सगळं गाव एकाच पत्त्यामागे असतं. सॉफ्टवेअरचे पैसे शून्य. ओनक्लाउड नावाच्या तशाच प्रकल्पातून फुटून २०१६ साली निघालेला हा मुक्त प्रकल्प आहे.

आता मुद्द्यावर येतो. जानेवारीत एका लग्नाचं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भाच्यानं थेट डिस्कवरच्या डेटा फोल्डरमध्ये कॉपी केलं. फोल्डरचं नाव बरोबर, जागा बरोबर. मी ब्राउझर उघडला तर फोल्डर रिकामं. तेवढ्यात नवरीचे वडील दारात. "भाऊ, माह्या पोरीचे फोटो दिसून नाही राह्यले का?" म्हटलं, दिसतात काका, बसा. डिस्कवर फाईली आहेत हे मला दिसत होतं, नेक्स्टक्लाउडला दिसत नव्हतं.

हे समजायला मला आमच्याच धंद्यातला दाखला कामी आला. शेत ताब्यात आहे, तुम्ही त्यात कपाशी लावली आहे, पण फेरफार झाला नाही तोवर सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही. नेक्स्टक्लाउडचं अगदी तसंच आहे. फाईल डिस्कवर असते, पण कोणती फाईल कुठे, किती मोठी, कोणाच्या खात्यात, याची नोंद डेटाबेसमध्ये असते. ब्राउझर आणि मोबाईल ॲप ती नोंद वाचतात. डिस्क कोणी जाऊन बघत नाही. ब्राउझरमधून टाकलेली फाईल नोंदीसकट जाते. मागच्या दारानं ठेवलेली फाईल तशीच पडून राहते.

त्यावर इलाज आहे. कंटेनरच्या आत ओसीसी नावाचं हत्यार असतं, त्याला 'फाइल्स स्कॅन' सांगितलं की तो सगळी डिस्क फिरून नोंदी चढवतो. मी हुशारी करून ती कमांड रूट, म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालवली, तर त्यानं सरळ नकार दिला: कॉन्फिगची फाईल ज्याच्या मालकीची आहे, त्याच नावानं या. डेबियन लिनक्सवर बनलेल्या इमेजमध्ये (इमेज म्हणजे कंटेनरचा तयार साचा) तो मालक म्हणजे ३३ नंबरचा वापरकर्ता, अल्पाईनवाल्या इमेजमध्ये ८२ नंबरचा. ३३ च्या नावानं चालवल्यावर फोटो दिसले. काका खुश होऊन गेले. संध्याकाळी त्यातले दोन हलले म्हणून डिलीट करायला गेलो, तर डिलीट होईनात! भाच्यानं स्वतःच्या खात्यातून कॉपी केल्यामुळे फाईलींचा मालक तो होता, ३३ नव्हता. नोंद झाली होती, मालकी राहिली होती. पूर्ण फोल्डरची मालकी ३३ ला दिली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

डिस्कबद्दल एक सूचना इथेच करतो. माझी डिस्क आधी विंडोजच्या एनटीएफएसमध्ये होती. तिच्यावर अशी मालकी नीट बसत नाही आणि नेक्स्टक्लाउड 'डेटा फोल्डर इतरांना वाचता येतं' म्हणून अडून बसतो. सगळं दुसरीकडे हलवून डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी-फोर पद्धतीत फॉरमॅट करा, मगच सुरुवात करा. मी उलट क्रमानं केलं आणि एक रविवार गेला.

कॉन्फिगरेशनवर आणखी लिहायला पाहिजे, कारण माझे सगळ्यात जास्त तास तिथे गेले. पहिल्याच दिवशी मोबाईलवरून उघडलं तर 'हा पत्ता विश्वासातला नाही' असा फलक आला. कंपोझ फाईलमध्ये ट्रस्टेड डोमेनची ओळ होती, तिथे टेलस्केलचा पत्ता टाकला. कंटेनर बंद-चालू केला. फलक तसाच. पुन्हा टाकला, कंटेनर पुसून नवा बनवला, तरी फलक तसाच. रात्री साडेअकराला उलगडा झाला: ती ओळ फक्त पहिल्यांदा बसवताना वाचली जाते. त्यानंतर खरं काय ते कॉन्फिग फोल्डरमधल्या कॉन्फिग-पीएचपी फाईलमध्ये. ॲडमिनच्या पासवर्डचंही तसंच आहे, डेटाबेसच्या पासवर्डचंही. कंपोझमध्ये बदलला म्हणजे बदलला असं नाही.

पण सगळ्या ओळी अशा असत्या तर बरं होतं. काही ओळी दर वेळी वाचल्या जातात. पत्ता एचटीटीपीएस धरायचा की नाही, ही त्यातली. ती कॉन्फिग-पीएचपीत बदलून उपयोग नाही, कारण त्याच फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी 'कॉन्फिग-पीएचपी' असलेल्या आणखी लहान फाईली असतात. त्या मुख्य फाईलीनंतर वाचल्या जातात आणि त्यांचाच शब्द चालतो. मी एचटीटीपीएसची ओळ मुख्य फाईलीत तीनदा बदलली, आणि शेजारची छोटी फाईल दर वेळी माझं म्हणणं खोडून काढत होती. मी आता काही बदलायच्या आधी ते पूर्ण फोल्डर उघडून कोणती ओळ कुठे आहे ते बघतो.

आणि हातानं फाईल बदलू नका. फेब्रुवारीत माझा एक स्वल्पविराम राहिला आणि सगळी साईट पांढरी. उत्पन्नाच्या दाखल्याला सहा माणसं रांगेत उभी आणि मी लॅपटॉपवर स्वल्पविराम शोधतोय. तेव्हापासून पत्ता वाढवायचा असो की सेटिंग बदलायचं, ओसीसीलाच सांगतो. तो फाईल नीट लिहितो.

आता गारपीट. मार्चमध्ये रात्री गारा पडल्या, गहू-हरभऱ्याचं जे व्हायचं ते झालं, लाईन रात्रभर गेली. लॅपटॉपची बॅटरी पाऊण तास तगली आणि तो बंद पडला. विजा कडाडत होत्या म्हणून मी डिस्कचा ॲडाप्टर काढून ठेवला होता. तिला वेगळा ॲडाप्टर लागतो, ही खरेदीतलीच चूक. लॅपटॉपच्या करंटवर चालणारी छोटी डिस्क घ्यायला पाहिजे होती. सकाळी लाईन आली, लॅपटॉप चालू केला, ॲडाप्टर लावायचं ध्यानातच राहिलं नाही.

डिस्क नसली तरी उबुंटूनं सुरू व्हावं असं मीच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे तो सुरू झाला. डॉकरला डेटा फोल्डर सापडलं नाही, तर त्यानं त्या जागी गुपचूप एक नवं रिकामं फोल्डर बनवलं. नेक्स्टक्लाउड मात्र थांबला. माझ्या तेव्हाच्या आवृत्तीत डेटा फोल्डरमध्ये डॉट-ओसीडेटा नावाची एक लपलेली फाईल असायची, निव्वळ खूण म्हणून. ती दिसली नाही तर तो म्हणायचा, हे माझं फोल्डर नाही. माझ्या छातीत धस्स झालं. शोधलं तर पहिलाच सल्ला मिळाला: त्या नावाची रिकामी फाईल बनवा, चालू होईल. हात की-बोर्डवर होता.

बनवली असती तर? नेक्स्टक्लाउड आनंदानं उघडला असता, आत काहीच नसतं, आणि वर मी सवयीनं स्कॅन मारला असता तर डेटाबेसमधल्या नोंदीही साफ. स्टुडिओच्या संगणकावर सिंक चालू आहे, त्यानं 'सर्व्हरवरून फाईली गेल्या' असं समजून तिथल्याही पुसायला घेतल्या असत्या. आमच्याकडे निवडणूक आली की सातबारा कोरा करायच्या घोषणा होतात. माझा खरोखरच झाला असता, नको तसा. तेवढ्यात लक्ष गेलं की डिस्कचा निळा दिवा लागलेला नाही. ॲडाप्टर लावला, डिस्क जोडली, कंटेनर पुन्हा सुरू केले. सगळं जागेवर.

त्या दिवशी दोन बदल केले. डिस्क जोडली गेल्याशिवाय डॉकरनं सुरूच व्हायचं नाही, हे उबुंटूच्या सिस्टमडीला सांगितलं (काय कधी सुरू करायचं ते तो ठरवतो). आणि कंपोझमध्ये फोल्डरची ओळ लांब पद्धतीनं लिहून 'नसेल तर बनवू नको' असं घातलं. ही एवढी ओळ तुम्ही आजच घाला.

आवृत्तीचं थोडक्यात. मी २९ वर होतो, एप्रिलमध्ये कंपोझमध्ये थेट ३१ लिहिलं. कंटेनर सुरूच होईना. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: एका वेळी एकच पायरी. २९ वरून ३०, मग ३१. एकदा वर गेल्यावर खाली उतरता येत नाही, म्हणून चढण्याआधी बॅकअप पाहिजेच. इमेजला 'लेटेस्ट' लिहू नका, आकडा लिहा, नाहीतर कधी तरी नकळत चढाल.

बॅकअप तीन गोष्टींचा असतो: डेटा, कॉन्फिग फोल्डर आणि डेटाबेस. कंटेनर गेला तर जाऊ द्या, इमेज पुन्हा उतरते. पण तिन्ही एकाच वेळचे हवेत. कालचा डेटाबेस आणि आजच्या फाईली जोडल्या की पुन्हा तोच फेरफाराचा घोळ. मी रविवारी रात्री मेंटेनन्स मोड लावतो, म्हणजे तेवढा वेळ कोणाला वापरता येत नाही, डेटाबेस उतरवतो, बाकीचं दुसऱ्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क घरी नेतो. डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे तो स्वतः सांभाळतो त्या साठ्यात, महत्त्वाचं काही ठेवत नाही, साधी फोल्डरं जोडली आहेत. कंटेनर बंद करायच्या 'डाऊन' कमांडपुढे चुकून व्ही लागला तर व्हॉल्यूम जातात, फोल्डर जात नाहीत.

मे महिन्यात टिनाखाली दुकानात बसवत नाही, तिथे लॅपटॉपची काय कथा. पंखा दिवसभर घरघरायचा. हजार-दोन हजार फोटोंची छोटी चित्रं बनवायचं काम दुपारी निघालं की ब्राउझर रांगायचा. लॅपटॉप मागच्या खोलीत फरशीवर ठेवला, कूलरच्या हवेपासून लांब, आणि चित्रं बनवायचं काम रात्री लावलं. कॅमेऱ्याच्या रॉ फाईलींना वेगळं ॲप टाकावं लागलं.

जुलैत एक गोष्ट लक्षात आली, ती फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. काम झालं की मी लोकांच्या आधारच्या प्रती डिलीट करतो. मला वाटायचं, गेल्या. त्या कचरापेटीत पडून होत्या. मुळात ठेवायची मुदत ३० दिवसांची आहे, आणि त्यानंतरही जागा कमी पडली तरच पुसतात. अख्ख्या गावाचे आधार माझ्या कचरापेटीत! मुदत सात दिवसांवर आणली. ते पुसायचं काम क्रॉन करतो, त्यामुळे क्रॉन बंद असेल तर मुदत फक्त कागदावर.

त्याच कारणानं मी हा सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडलेला नाही. टेलस्केलमध्ये माझे, बायकोचे आणि भाच्याचे फोन आहेत, बस. त्यामुळे नवरा-नवरीला लिंक पाठवून अल्बम दाखवता येत नाही, तो अजून पेनड्राईव्हवरच जातो. उघडायचे मार्ग आहेत, पण लग्नाचे फोटो आणि आधार एकाच पेटीत असताना मी उघडणार नाही. फोनमधून आपोआप अपलोड व्हायला ॲपची बॅटरी-बचत बंद करावी लागते, नाहीतर ॲप झोपतं.

दिग्रसचा एक दुकानदार मित्र विचारत होता, घेऊ का म्हणून. त्याला म्हटलं, रविवारची रात्र देता येत असेल तर घे, नाहीतर विकतचा बरा.

लॅपटॉपच्या झाकणावर मी एक कागद चिकटवलाय: लाईन आल्यावर आधी निळा दिवा बघणे, मग लॅपटॉप चालू करणे. परवा त्याखाली भाच्याच्या अक्षरात एक ओळ वाढलेली दिसली: मामा, कालचं कार्ड ब्राउझरातूनच टाकलं.