पॅरिशची मराठी शाळा की कॉन्व्हेंट? वसईत पहिलीचा प्रवेश घेताना

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे आगाशी-नंदाखालपासून गिरीज-सांडोरपर्यंत, पहिलीच्या वयाला आलेल्या मुलासमोर बहुधा दोन शाळा असतात आणि दोन्हींच्या दारावर क्रूस असतो. एक चर्चच्या आवारातली अनुदानित मराठी प्राथमिक शाळा, जिच्या हजेरीपटावर कधीकाळी आजी-आजोबांचीही नावं होती. दुसरी इंग्रजी माध्यमाची, बहुतेक वेळा विनाअनुदानित, कधी सिस्टरांनी तर कधी पॅरिशनेच (म्हणजे स्थानिक चर्चच्या धर्मग्रामानेच) काढलेली. तिला सगळे सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात. फी, इमारत, कॉम्प्युटर लॅब यांची माहिती ऑफिसच्या खिडकीवर मिळते, म्हणून ती इथे देत नाही. प्रवेश झाल्यावर रोज काय घडतं आणि त्याचा घरावर काय परिणाम होतो, एवढंच बघू. हा निर्णय आमच्याही घरात घ्यावा लागला, त्यामुळे माझं पारडं थोडं कललेलं असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सकाळ परिपाठाने सुरू होते. मराठी शाळेत राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना आणि मग सुविचार, दिनविशेष, बातम्या. पट कमी असल्यामुळे प्रत्येक मुलाची पाळी महिन्यातून एकदा-दोनदा येतेच. दुसरीतलं मूल वर्तमानपत्राचा मथळा वाचताना अडखळतं, बाई मागून शब्द पुरवतात, ते पुन्हा पहिल्यापासून वाचतं. कॉन्व्हेंटची असेंब्ली देखणी असते: माइक, कीबोर्ड, एका सुरात म्हटलेलं भक्तिगीत. पण ती वर्गवार असते. वर्गाची पाळी वर्षातून एक-दोनदा, आणि पन्नासच्या तुकडीतून बोलायला सात-आठ मुलं निवडली जातात. निवडलेली मुलं खरंच छान तयार होतात. बाकीची रांगेत उभी असतात.

धर्मशिक्षणाबद्दल ख्रिस्ती नसलेले पालक हमखास विचारतात. दोन्ही शाळांत व्यवस्था साधारण सारखी आहे: ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा तास, त्याच वेळी इतरांना मूल्यशिक्षण. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) असेल तर इतर मुलं एका शिक्षिकेबरोबर वर्गात थांबतात. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच तुमची इच्छा लेखी द्यावी.

ख्रिस्ती घरांसाठी मात्र प्रश्न भाषेचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली आणि वसईच्या पॅरिशमध्ये ती मराठीत होते; रविवारचं धर्मशिक्षणही बहुतेक ठिकाणी मराठीतच. कॉन्व्हेंटमधलं मूल शाळेत सगळ्या प्रार्थना इंग्रजीत पाठ करतं. तिसरी-चौथीच्या सुमारास पहिल्या कम्युनियनची (प्रभुभोजन पहिल्यांदा घेण्याच्या संस्काराची) तयारी आली की प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, विश्वासांगीकार, पश्चात्तापाची प्रार्थना, दहा आज्ञा हे सगळं पुन्हा मराठीत पाठ करावं लागतं. त्यातही अडतं ते विश्वासांगीकाराशी, कारण तो लांब आहे आणि त्यातले शब्द रोजच्या बोलण्यातले नाहीत. काही पॅरिशमध्ये इंग्रजीची वेगळी तुकडी असते. आहे का, ते फादरांना आधीच विचारून घ्या.

जेवणाचं थोडक्यात. अनुदानित मराठी शाळेत शालेय पोषण आहार मिळतो: पहिली ते पाचवीसाठी रोज मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, आणि ताटात 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिनं असावीत असा निकष. सगळी मुलं एका पंगतीत बसतात, जेवणाआधीची प्रार्थना एकत्र होते. तांदूळ उशिरा आला की दोन-चार दिवस डबा न्यावा लागतो. कॉन्व्हेंटमध्ये डबाच, आणि मधली सुट्टी इतकी लहान की पहिलीतल्या मुलाला भाकरी-कालवण झेपत नाही. पोळीचा रोल किंवा असंच काही सुकं द्यावं लागतं.

एका बाबतीत कॉन्व्हेंट सरस आहे, आणि ती बाब लहान नाही: संख्या. मराठीत पंचवीस म्हटलं की कानावर आधी पाच पडतात, मग वीस. मूल 52 लिहितं. एकोणसत्तर तर आणखी अवघड, कारण शब्दात सत्तर ऐकू येतं आणि मूल 7 आधी लिहून पुढे 9 लावतं, म्हणजे 79. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह म्हणताना दशक आधी येतं, लिहिण्याचाही क्रम तोच. तिथे घोळ होतो तो थर्टीन आणि थर्टी, फोर्टीन आणि फोर्टी ऐकताना, पण तो दोन महिन्यांत सुटतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. वर्गात मात्र तिचा उपयोग होतो: लिहिताना ‘वीस पाच’ म्हणायचं, लिहून झालं की ‘पंचवीस’ वाचायचं. घरी भिंतीवर शतकतक्ता लावून रोज दहा संख्या अशा घेतल्या तर दुसरीच्या दिवाळीपर्यंत उलटसुलट थांबतं. तरीही पहिलं वर्षभर मराठी शाळेतलं मूल संख्यांत मागे वाटेल, हे मान्य करावं लागेल.

आता मुद्दा संध्याकाळचा. आमचा निर्णय याच मुद्द्यावर झाला.

कॉन्व्हेंटमध्ये पहिलीपासून डायरी असते. शेवटच्या तासाला टीचर फळ्यावर लिहितात: ‘लर्न क्यू अँड ए वन टू फाइव्ह. डिक्टेशन टुमॉरो, लेसन थ्री. ब्रिंग वन चार्ट पेपर.’ पहिलीतलं मूल ते पेन्सिलने उतरवतं. घंटा होते, फळा पुसला जातो, आणि डायरीत येतं ‘डिक्टे’ आणि पुढे एक रेघ. डिक्टेशन कोणत्या धड्याचं ते कळत नाही. मग शेजारच्या मुलीच्या आईला फोन, नाहीतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा. ही झाली वरवरची कटकट. खरी अडचण पुढे आहे.

आपल्या भागात संध्याकाळी सहाला घरात कोण असतं? वडील चर्चगेटच्या गाडीत, आई नोकरीवर, किंवा भाजी-फुलं घेऊन पहाटे दादरला जाऊन आलेली आणि आता वाडीत. मुलाजवळ असतात आजी-आजोबा. घरात बोली कादोडी किंवा वाडवळी, शिक्षण मराठी चौथी किंवा सातवी. त्यांना डायरी वाचता येत नाही. म्हणून पहिलीपासून ट्युशन. साडेपाच ते सात, एका खोलीत तीन शाळांची पंधरा मुलं. बाई प्रश्नोत्तरं घोकून घेतात, कारण एवढ्या वेळात दुसरं काही शक्यच नसतं. मूल तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घडाघडा म्हणतं. त्या उत्तरातल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि ‘हा कुठला शब्द?’ विचारा. पुष्कळदा ते पहिल्यापासून म्हणायला लागतं आणि बोटापाशी आलं की थांबतं.

गणितातही तेच. ‘रवी हॅज नाइन बनानाज, मीना हॅज सिक्स. हाऊ मेनी मोअर डझ रवी हॅव?’ मूल 15 लिहितं, कारण ‘मोअर’ म्हणजे वाढवायचं, असं त्याला वाटतं. मराठीतही ‘किती जास्त’ला हीच चूक होते, भाषा बदलून ती टळत नाही. फरक पुढे पडतो. आजोबा ओटीवर एका रांगेत नऊ केळी मांडतात, त्याखाली सहा, आणि जोड्या लावायला सांगतात. जोडीदार नसलेली तीन उरतात, तिथे मुलाला कळतं की हे वजाबाकीचं गणित आहे. आजोबांना हे पहिल्यापासून येतं. कॉन्व्हेंटच्या वहीतला प्रश्न मात्र त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते गणित त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

सातला मूल ट्युशनहून येतं, जेवतं, आणि रोजरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या वेळेला डुलक्या घेतं. एका जपमाळेत नमो मरिया 53 वेळा येतं. अर्धा भाग एकाने सुरू करायचा, उरलेला बाकीच्यांनी पुरा करायचा, आणि लहान मूल तो शेवटचा अर्धा भाग ऐकून ऐकूनच शिकतं. इंग्रजीत प्रार्थना शिकलेलं, दमलेलं मूल तिथे गप्प बसतं. हे मोजायला काही साधन नाही, पण ऑक्टोबरात रोजरीच्या महिन्यात हे लगेच लक्षात येतं.

सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. दोघांपैकी एक पालक सहापर्यंत घरी येत असेल आणि सहज इंग्रजी वाचत असेल, तर वरचं जवळजवळ सगळं गणित बदलतं. काही कॉन्व्हेंट पहिली-दुसरीला गृहपाठच देत नाहीत, किंवा सोडवलेल्या नमुन्यासह छापील कागद देतात. तिथे ट्युशनची गरज पडत नाही. बदलीची नोकरी असेल, राज्याबाहेर जावं लागणार असेल, तर इंग्रजी माध्यमच सोयीचं.

मराठी शाळेची सगळ्यात मोठी जोखीम म्हणजे घसरता पट. शिक्षकांची पदं संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर, ते ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेत) पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पर्यंत मुलांना दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी मिळून 55 मुलं असतील तर चार वर्गांना दोन शिक्षक, आणि पहिली-दुसरी एका खोलीत: जोडवर्ग. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला लेखन देऊन बसवावं लागतं, त्यामुळे शिकवण्याचा वेळ निम्म्यावर येतो. पट 60 च्या खाली घसरला की तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जातो, आणि निवडणुकीचं काम लागलं की उरलेल्या दोघांतलाही एक काही दिवस गैरहजर. म्हणून शाळा चांगली आहे का, एवढंच विचारून भागत नाही. गेल्या तीन वर्षांचा पहिलीचा पट विचारा. तो दरवर्षी पाच-सहाने कमी होत असेल तर मीही दोनदा विचार केला असता.

इंग्रजीची भीती थोडी वाढवून सांगितली जाते. राज्यात 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. बऱ्याच ठिकाणी सेमी इंग्रजीही आहे, म्हणजे गणित (आणि पुढे विज्ञान) इंग्रजीतून. सेमीचं नाव पाटीवर असतं, पण तपशील विचारावा लागतो: कितवीपासून, आणि शिकवणार कोण. पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं मराठीतून असं असेल तर संकल्पना समजते, पण परीक्षेत प्रश्न वाचताना मूल अडतं. त्यावर उपाय म्हणजे गणितातले शंभरेक इंग्रजी शब्द (ॲड, टेक अवे, इक्वल, हाफ, रो, कॉलम असे) तिसरी संपेपर्यंत तोंडी पक्के करून घेणं. पाचवीला माध्यम बदलायचा विचार असेल तर तो सोडून द्या. कॉन्व्हेंटच्या वरच्या वर्गात जागा क्वचित सुटते आणि सुटली तरी मुलाला एकदम सगळे विषय बदलावे लागतात. उलट बाजूने, 2020 च्या कायद्यामुळे कॉन्व्हेंटमध्येही मराठी सक्तीची आहे, पण आठवड्याच्या मोजक्या तासांत जोडाक्षरं पक्की होतातच असं नाही.

पालक म्हणून तुमच्या वाट्याला काय येतं, तेही बघून ठेवा. कॉन्व्हेंटमध्ये फन फेअर, रॅफल तिकिटांची पुस्तकं, स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख. मराठी शाळेत खर्च कमी, श्रम जास्त: पावसाळ्याआधी कौलं किंवा पत्रे बघणं, नाताळचा गोठा उभा करणं. गोठ्याला पेंढा, बांबू, तरवा लागतो. तरवा म्हणजे थाळीत पेरलेलं भात किंवा नाचणी. नाताळच्या आधी दहा-बारा दिवस भिजवून पेरलं तर 24 तारखेला बोटभर हिरवं येतं, उशीर झाला तर पांढरट कोंब मिळतात. हे आजी करतात, मुलं पाणी घालतात, आणि बाई त्यावरच परिसर अभ्यासाचा तास घेतात. बाई त्याच पॅरिशच्या असतात, रविवारी मिस्सेनंतर आवारात भेटतात. वाचनात मूल मागे पडतंय हे चाचणीची वाट न बघता तिथेच कळतं. चारचौघांत कळतं, हे काहींना आवडत नाही, आणि तेही बरोबर आहे.

वेळेचं लक्षात ठेवा. कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मुख्यतः ज्युनियर केजीला होतो आणि अर्ज आदल्या हिवाळ्यातच निघतात. जन्मदाखल्याबरोबर बाप्तिस्म्याचा दाखला आणि फादरांचं पत्र तयार ठेवा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांच्या सोडतीत या शाळा शोधू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्या आहेत. मराठी शाळेत जूनमध्ये शाळा उघडल्यावरही प्रवेश मिळतो, त्यामुळे घाई नाही. कॉन्व्हेंटचा अर्ज भरण्याआधी ओळखीतल्या पहिलीच्या मुलाची डायरी एका संध्याकाळपुरती मागून आणा आणि तुमच्या घरात सहा वाजता जो माणूस असतो, त्याच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी काय अभ्यास आहे हे त्याने पाच मिनिटांत सांगितलं, तर बिनधास्त अर्ज भरा.