ज्येष्ठ नागरिक बचत योजना : पगार थांबल्यानंतरच्या दीड वर्षाचा अनुभव

एका खाजगी कंपनीच्या लेखा विभागातून मी ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. ३३ वर्षे दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होत असे; निवृत्तीनंतरच्या पहिल्या एक तारखेला तो आला नाही, तेव्हा हातात पुरेशी पुंजी असूनही मन धास्तावले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मिळणाऱ्या रकमेत किराणासुद्धा पूर्ण भागत नाही, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या रकमेतूनच नियमित उत्पन्न उभे करणे भाग होते. बराच विचार करून त्यातील २० लाख रुपये मी टपाल कार्यालयात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले.

साठी पूर्ण झाल्याशिवाय हे खाते उघडता येत नाही, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांनाही ते उघडता येते. अट एवढीच की निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे भरले पाहिजेत. मला हे कळले तेव्हा त्यातले दोन महिने उलटून गेले होते. त्यातच निवृत्तीची तारीख आणि मिळालेल्या लाभांचा तपशील असलेले कंपनीचे प्रमाणपत्र मिळवण्यात दोन आठवडे गेले, म्हणून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाने निरोप समारंभापूर्वीच ते मागून ठेवावे, असे मी कळकळीने सांगतो. आधार, पॅन, छायाचित्रे आणि धनादेश यांपलीकडे विशेष काही लागले नाही. पत्नीचे नाव मी संयुक्त खातेदार म्हणून घातले. तिच्या वयाची अट नसते.

मी खाते उघडले तेव्हा व्याजदर वार्षिक ८.२ टक्के होता आणि पुढे दर बदलले तरी माझ्या ठेवीला पाच वर्षे हाच दर मिळणार आहे. म्हणजे दर तिमाहीला ४१,००० रुपये. रक्कम समाधानकारक आहे, पण घर तिमाहीवर चालत नाही. पहिल्या पूर्ण तिमाहीचे व्याज एप्रिलच्या आरंभी जमा झाले, त्यातून आम्ही वर्षाचे धान्य भरले, विम्याचा हप्ता दिला आणि जून उजाडताच बचतीला हात लावावा लागला. तेव्हापासून पत्नीने व्याजाचे तीन भाग करून प्रत्येक महिन्याचा भाग एक तारखेलाच घरखर्चासाठी काढण्याची शिस्त घातली. शिवाय सहा लाख रुपये आम्ही ७.४ टक्के दराच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले. त्यातून महिन्याला ३,७०० रुपये येतात. दर कमी असला तरी महिन्याला पैसे येण्याने मनाला जी स्वस्थता मिळते, तिच्यासाठी मला तो फरक मान्य आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. व्याज करपात्र आहे आणि योजनेच्या नावात ‘ज्येष्ठ’ असले तरी प्राप्तिकराच्या हिशेबात ६० पूर्ण होईपर्यंत आपण ज्येष्ठ ठरत नाही. न काढलेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही, म्हणून ते आपोआप बचत खात्यात वळते होईल अशी सूचना पहिल्याच दिवशी लिहून द्यावी. मुदतीपूर्वी खाते बंद केल्यास, पहिल्या वर्षात दिलेले व्याज परत घेतले जाते, दुसऱ्या वर्षात ठेवीच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कपात होते. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंतच ठेव ठेवता येते; तरीही सगळी पुंजी येथे न अडकवता आजारपणासाठी काही रक्कम सहज हाती येईल अशी ठेवावी, हे मी स्वतः पाळले आहे.

पाच वर्षांनंतर हे खाते तीन वर्षांसाठी वाढवता येते, अर्थात त्या वेळच्या दराने. मी ते वाढवणार आहे.