कापड झकास, तक्ता फसवा

अकरावीच्या प्रयोगशाळेसाठी हा 'गुरुत्वाकर्षण संच' ऑनलाइन मागवला, 1,450 रुपयांना. डब्यात निघालं ते असं: जोडायचं प्लास्टिकचं कडं, त्यावर ताणायचं काळं लायक्रा, एक लोखंडी गोळा, बारा गोट्या (मला दहाच आल्या) आणि 'चार मूलभूत बले' हा तक्ता.

कापडाला नावं ठेवायला जागा नाही. वर्षभर ताणूनही सैल पडलेलं नाही. मधोमध गोळा ठेवला की खळगा पडतो, कडेने सोडलेली गोटी त्याच्याभोवती चार-पाच फेऱ्या मारते आणि पोरं आ वासून बघतात. पण दुसऱ्याच तासाला मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पण त्या गोळ्याला खाली कोण ओढतंय?" माझी बोलतीच बंद. गुरुत्वाकर्षण समजवायला आपण गुरुत्वाकर्षणच वापरतोय की! शिवाय आइन्स्टाइनच्या मते गुरुत्व म्हणजे ओढणारं बल नव्हे, तर वस्तुमानामुळे जागा आणि काळ यांचं वाकणं; कापडात वाकते ती नुसती जागा. झाडावरचा आंबा खाली येतो तो मुख्यतः काळ वाकल्यामुळे, आणि काळ काही लायक्रावर ताणता येत नाही. सोबतच्या पुस्तिकेत यावर चकार शब्द नाही.

शेवटी माझा जुना मोबाइल कामाला आला. त्यातल्या त्वरणमापकाचं ॲप फोन टेबलावर असताना 9.8 दाखवतं, गादीवर सोडला की पडतापडता जवळपास शून्य. म्हणजे पडणाऱ्या फोनला कशाचाच जोर जाणवत नाही, टेबलावरच्या फोनला मात्र टेबल वर ढकलत असतं. आइन्स्टाइनने 1915 मध्ये काय मांडलं ते पोरांना इथे कळलं, फुकटात.

खरा राग तक्त्यावर. चारही बलं (गुरुत्व, विद्युतचुंबकीय, तीव्र, क्षीण) एका रांगेत, प्रत्येकासमोर 'वाहक कण', म्हणजे ते बल पोचवणारा कण. तीव्र बलाच्या ग्लुऑनचा पुरावा 1979 मध्ये मिळाला, क्षीण बलाचे डब्ल्यू आणि झेड 1983 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत सापडले. गुरुत्वाचा मानलेला कण ग्रॅव्हिटॉन आजवर कुणालाही सापडलेला नाही, तरी तोही त्याच ठळक टायपात! विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, "2015 ला सापडला ना सर." अहो, तेव्हा सापडल्या त्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे जागा-काळातले तरंग, कण नव्हे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला त्या लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पाची वेधशाळा होतेय, तीही लहरीच टिपणार.

म्हणजे एकाच डब्यातलं कापड म्हणतं हे बलच नाही, आणि तक्ता म्हणतो चौथं बल. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ थानू पद्मनाभन तर पुढे जाऊन मांडत की गुरुत्व मूलभूतही नसावं, रेणूंच्या गर्दीतून द्रवाचा प्रवाह दिसावा तसं ते कशातून तरी उभं राहत असावं. मी एवढं धाडस करत नाही. माझ्या मते 'मूलभूत' राहू द्या, 'बल' खोडा. परीक्षेत मात्र पोरांना चारच लिहायला सांगतो, मार्क जायला नकोत.

कापडाला पाचपैकी चार, तक्त्याला एक. ग्रॅव्हिटॉनच्या चौकोनावर मी 'शोध चालू आहे' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. राहिलेल्या दोन गोट्यांचाही शोध चालूच आहे.