सजावट मी केली, पाहुणे मी सांभाळले, पैसे मालकाने ठेवले

दुसऱ्याचं रिकामं घर सजवायचं, फोटो काढून ते अल्पमुदतीच्या भाड्याने लावायचं आणि पुढे पाहुण्यांचं सगळं बघायचं, हा माझा व्यवसाय. या कामात एका मालकाने मला व्यवस्थित गंडवलं. सविस्तर लिहितेय, कारण त्या गृहस्थांनी वापरलेली एकही युक्ती अशी नाही जी उद्या दुसरा मालक तुमच्यावर वापरू शकणार नाही. यातल्या बऱ्याचशा गोष्टी तर फोनवर दोन बटणं दाबून होतात.

सौदा असा ठरला. "ताई, सजावटीची फी आत्ता अर्धीच घ्या. फर्निचरमध्ये हात अडकलाय. उरलेली बुकिंगमधून निघेल, वर्षभर तुम्हाला दहा टक्के जास्त देतो. घर तुमचंच समजा." म्हणजे होस्टिंगचे, म्हणजे पाहुणे सांभाळण्याचे, माझे १५ आणि थकलेल्या फीपोटी १०, असे २५ टक्के. या धंद्यात असे सौदे रोज होतात आणि मालक सरळ असेल तर ते निभतातही. सगळं ईमेलवर लिहून घेतलं होतं, त्यांचं "मान्य" असं उत्तरही आलं होतं.

पण या कामाची रचनाच सजावट करणाऱ्याच्या विरुद्ध आहे. आपलं बहुतेक काम पहिला पाहुणा यायच्या आधी संपलेलं असतं. भिंतीचा रंग, पडदे, दिवे, गाद्या, चादरींचे जोड, किल्लीची पेटी, घराच्या माहितीचं कार्ड, फोटो, लिस्टिंगचा (संकेतस्थळावरच्या घराच्या जाहिरातीचा) मजकूर, पहिल्या महिन्याचे दर. हे सगळं एकदा झालं की ते घराला चिकटतं. परत काढून नेता येत नाही. लिस्टिंग मालकाच्या खात्यावर, बँक खातं मालकाचं. एअरबीएनबी या घरं भाड्याने लावायच्या संकेतस्थळावर पाहुण्याच्या ठरलेल्या चेक-इननंतर साधारण २४ तासांनी पैसे सुटतात आणि ते मालकाकडे जातात. को-होस्टचा, म्हणजे मालकाच्या वतीने पाहुणे सांभाळणाऱ्या माझ्यासारखीचा, वाटा तिथेच परस्पर लावून देता येतो. टक्क्यात, ठरावीक रकमेत किंवा नुसतं सफाईचं शुल्क. पण तो लावायचा मालकाने. आमच्या साहेबांनी "करांचा घोळ होतो, मी महिनाअखेरीला स्वतः पाठवतो" म्हणून ते टाळलं, आणि सुरुवातीचे काही महिने खरोखरच वेळच्या वेळी पाठवलं. विश्वास असाच कमावला जातो.

मग सुपरहोस्टचा बिल्ला मिळाला, म्हणजे एअरबीएनबी चांगल्या यजमानाला देतं ती खूण. हा काही गोड बोलून मिळत नाही. वर्षभराचं काम बघून दर तिमाहीला ठरतो: सरासरी रेटिंग किमान ४.८, किमान ९० टक्के विचारणांना २४ तासांत उत्तर, रद्द केलेली बुकिंग १ टक्क्याहून कमी, आणि किमान १० मुक्काम किंवा एकूण १०० रात्रींची ३ बुकिंग. रात्री-बेरात्री उत्तरं मी दिली होती. बिल्ला लागला तो त्यांच्या नावापुढे. त्यानंतर त्यांच्या बोलण्यातला "ताई" हळूहळू कमी होत गेला.

पहिली शंका धोब्याच्या पावतीने आणली. चादरी धुवायला माझ्यामार्फत जायच्या आणि हिशेब माझ्याकडे यायचा. एका आठवड्यात कॅलेंडरवर दोघांचं एकच बुकिंग होतं, बाकीच्या तारखा मालकाने "घरचे येणार" म्हणून बंद केलेल्या. पावतीवर मात्र डबल चादरी ६, उशांचे अभ्रे १२, मोठे टॉवेल १४. घरच्यांसाठी कोणी एवढे टॉवेल काढतं का? तरी गप्प बसले, कारण मालकाने स्वतःच्या घरात कोणाला ठेवावं हा त्याचा प्रश्न.

थोड्याच दिवसांनी अनोळखी नंबरवरून मेसेज आला: "गीझरचा स्विच सापडत नाही." फ्रिजवरच्या माहितीच्या कार्डावर नंबर माझाच होता. मी सवयीने उत्तर दिलं, बाथरूमच्या बाहेर, दाराच्या उजवीकडे. मग कॅलेंडर उघडून पाहिलं. ती रात्र "घरचे" या नावाखाली बंद होती. मी सहज विचारलं, बुकिंग कुणाच्या नावावर आहे? माणूस सरळ होता. म्हणाला, आम्ही मागेही येऊन गेलोय, तेव्हा मालकांनीच सांगितलं होतं की पुढच्या वेळी थेट मला फोन करा, स्वस्तात देईन. म्हणजे पाहुणा आणला मी, त्याला घर आवडेल असं केलं मी, आणि दुसऱ्या खेपेला तो माझ्या हिशेबातून गायब. प्लॅटफॉर्मवर ओळख झालेल्या पाहुण्याला असं बाहेरून वळवणं एअरबीएनबीच्या नियमातही बसत नाही, पण तो भाग वेगळा. नंतर माझ्याच फोटोंवरून शोध घेतला तर हेच घर दुसऱ्या एका संकेतस्थळावर, मालकाच्या नात्यातल्या कोणाच्या तरी नावावर दिसलं. मजकूर शब्दन् शब्द माझा, माझ्या एका टंकनचुकीसकट.

विचारलं तर भांडण नाही, आरडाओरडा नाही. "हिशेबाला बसू" म्हणाले. बसलो, तेव्हा कळलं की टक्के तेच आहेत, फक्त ते कशावर लावायचे हे बदललंय. समजा पाहुण्याने १०० दिले. मी धरत होते प्लॅटफॉर्मचं शुल्क वजा जाता उरलेल्या ८५ वर, ईमेलमध्येही तसंच होतं. त्यांनी त्यातून सफाई वजा केली, वीज, इंटरनेट, सोसायटीची देखभाल वजा केली आणि वर घराच्या कर्जाचा हप्ताही! शेवटी उरले २०. त्याचे २५ टक्के म्हणजे ५. जिथे मला २१ च्या वर यायला हवे होते तिथे ५. हप्ता त्यांच्या घराचा, फेडायचा माझ्या टक्क्यांतून. हे सांगताना त्यांचा चेहरा अगदी शांत होता. इतका शांत की हा तक्ता आधी कुणाला तरी दाखवून झालाय असंच मला वाटलं.

मी लेखी आक्षेप पाठवला. दुसऱ्या दिवशी को-होस्ट म्हणून मला काढल्याची सूचना आली. लिस्टिंगचा मालक हे केव्हाही करू शकतो, कारण द्यावं लागत नाही. पुढच्या दोन महिन्यांची बुकिंग मी घेतलेली होती, तीही त्यांच्याकडे राहिली. जाता जाता सोफ्यावरच्या डागाचा खर्च माझ्या नावे टाकला. पाहुण्याकडून नुकसानभरपाई मागायची तर चेक-आउटपासून १४ दिवसांच्या आत मागावी लागते. मी फोटोसकट कळवलं होतं, त्यांनी मुदत जाऊ दिली आणि मग बिल माझ्याकडे वळवलं.

सगळ्यात जड गेलं ते पडदेवाल्याचं. ऑर्डर माझ्या शब्दावर होती. त्याला मालकाच्या टक्क्यांशी काय देणंघेणं? त्याची बाकी मी माझ्या खिशातून भागवली. तेव्हापासून सामानाचं प्रत्येक बिल मालकाच्या नावाने निघतं आणि मालकच थेट भरतो. कारागीर ओळखीचा असला तरीही.

वकिलाची नोटीस गेल्यावर सजावटीच्या थकलेल्या फीचा काही भाग आला. टक्क्यांपोटी दमडीही नाही. थोडंफार जे सुटलं ते त्या धोब्याच्या पावत्यांमुळे. बंद दाखवलेल्या तारखा आणि धुतलेल्या चादरी शेजारी शेजारी मांडल्यावर समोरच्या वकिलाचा सूर खाली आला.

आता मी काम घेते ते असं. सजावटीची फी आणि बुकिंगचे टक्के यांची सांगड नाहीच. फी तीन टप्प्यांत: आराखडा मान्य झाला की, सामान यायच्या आधी, आणि शेवटचा हप्ता फोटो देण्यापूर्वी. फोटो हा आपल्या हातातला शेवटचा हुकमी पत्ता आहे. पूर्ण पैसे येईपर्यंत मालकाला फक्त लहान आकाराचे, नाव छापलेले नमुने. फोटो आणि मजकूर वापरायचा हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच, हे करारातच लिहिलेलं असतं. टक्के कशावर, ते आकड्यांचं उदाहरण घालून लिहायचं आणि मालकाचे घरखर्च, कर्ज, कर यातून वजा होणार नाहीत हेही वेगळ्या ओळीत. कोणत्याही मार्गाने आलेल्या, पैसे देणाऱ्या प्रत्येक पाहुण्यावर टक्के लागू. मालकाची माणसं खरंच राहायला येणार असतील तर खुशाल यावीत, फक्त त्या रात्रींचं ठरावीक व्यवस्थापन शुल्क द्यावं. एवढी एक अट घातली की घरच्यांचं येणं आश्चर्यकारकरीत्या कमी होतं.

काढून टाकायचं तर ३० दिवसांची सूचना, आणि त्या दिवशी कॅलेंडरवर असलेल्या सगळ्या बुकिंगचे टक्के देय. को-होस्टचा वाटा पहिल्या दिवसापासून प्लॅटफॉर्मवरच लावून घ्या. मालक तो नंतर बदलू शकतो, म्हणून ते काही कवच नाही. पण बदलला तर पुढच्याच मुक्कामाला कळतं, महिनाअखेरीची वाट बघत बसावं लागत नाही. जो मालक पहिल्याच भेटीत मूळ फोटो आणि पाहुण्यांचे फोन नंबर मागतो आणि पेआउटचा, म्हणजे प्लॅटफॉर्मकडून आलेल्या पैशांचा, अहवाल मात्र दाखवायला टाळाटाळ करतो, त्याचं काम मी घेत नाही. स्तुती कितीही करो.

आणि ज्यांचं अशा मालकाकडे काम सुरूच आहे, हिशेबात पाणी मुरतंय असं वाटतंय, त्यांनी वाद काढण्याआधी खात्यावर आपल्याला असलेल्या प्रवेशातून दिसेल ते सगळं उतरवून घ्यावं. बुकिंगची यादी, रकमा, पाहुण्यांशी झालेले संवाद, बंद केलेल्या तारखांसकट कॅलेंडरचे स्क्रीनशॉट, सफाईच्या आणि धुलाईच्या पावत्या. मग लेखी हिशेब मागावा, फोनवर नाही. प्रवेश काढला की त्या खात्यात आपण केलेलं काहीही आपल्याला पुन्हा दिसत नाही.