एल्कच्या शिकारीसाठी सॅक: फ्रेम आत की बाहेर?

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडोत परवाना काढून एल्कमागे, म्हणजे तिथल्या थोराड हरणामागे, जाणाऱ्याने सॅक घेताना हिशेब करायचा तो परतीचा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास. हाडं काढूनही ८०-१०० किलो मांस पाठीवरून खाली आणायचं, म्हणजे एकट्याला तीन-चार खेपा.

आतल्या फ्रेमची सॅक आपल्या ट्रेकिंगच्या सॅकसारखीच. अंगाला चिकटून बसते, हलकी असते, झाडीत अडकत नाही. जाताना सुख. पण ओझं २०-२५ किलोच्या पुढे गेलं की साध्या सॅकच्या फ्रेमच्या पट्ट्या वाकतात आणि सगळा भार कमरेवरून खांद्यांवर येतो. शिवाय मांस आत, स्लीपिंग बॅगशेजारी! रक्ताचा वास पुढच्या मोसमापर्यंत सोबत करतो, आणि कोंडलेलं मांस निवतही नाही.

बाहेरच्या फ्रेमवर पिशवी सैल करून फ्रेम आणि पिशवीच्या मधल्या जागेत मांस आवळता येतं. वजन पाठीला लागून राहतं, भार कमरपट्ट्यावर जातो. तोटा? फांद्यांत अडकते, काही फ्रेम कुरकुरतात. धनुष्यबाणवाल्याला आवाज न करता जवळ जावं लागतं, त्याला ते परवडणारं नाही.

लहान हरणापुरतं जायचं असेल तर आतली चालेल. एल्कसाठी मी बाहेरचीच घेईन. मात्र आधी घरीच तांदळाच्या १०-१० किलोच्या तीन पिशव्या बांधून जिना चढून बघा. कमरपट्टा घसरला तर मापच चुकलंय.