साधी छोटी मोटरसायकल की सगळ्या सोयींची? ब्रेक, टायर, इंजिन आणि चेन शेजारी ठेवून पाहिलं तर

शंभर ते दीडशे सीसीची मोटरसायकल घ्यायला निघालेल्या माणसापुढे शेवटी दोन प्रकारच्या गाड्या उरतात. एक जुन्या घडणीची: दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, स्पोकची चाकं, ट्यूबचे टायर, कार्ब्युरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि किक. दुसरी नव्या घडणीची: पुढे डिस्क आणि एबीएस (ब्रेक गच्च दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), अलॉय म्हणजे एकसंध ओतीव धातूची चाकं, ट्यूबलेस टायर, फ्युएल इंजेक्शन (कार्ब्युरेटरचंच काम पंप आणि सेन्सरने करणारी यंत्रणा). मधल्या सरमिसळ गाड्याही पुष्कळ असतात, पण मन अडतं ते या दोन टोकांमध्येच.

बहुतेक जण तुलना करतात ती मायलेज आणि ताकदीची. मला महत्त्वाचा वाटतो तो फरक निराळा आहे. जुन्या घडणीची गाडी चालवणाऱ्याची चूक पोटात घालत नाही, पण तिला काही दुखत असेल तर ते हाताला, पायाला, कानाला लगेच कळतं. नवी गाडी हाताची चूक बरीचशी सावरून घेते. मात्र तिचं दुखणं वरून दिसत नाही, ते तारीख लक्षात ठेवून शोधावं लागतं. म्हणून आधी स्वतःला विचारा, आपला हलगर्जीपणा कुठे असतो? चालवताना की सांभाळताना?

ब्रेक: इथे घाई करू नका

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं सुमारे सत्तर टक्के काम पुढचा ब्रेक करतो. छोट्या गाडीवर शिकलेले अनेक जण मात्र पायाच्या ब्रेकवरच विसंबतात, कारण ‘पुढचा दाबला की गाडी आपटते’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालासाठी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला होता. त्यात नेमकं हेच दिसलं: घाबरलेला चालक मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवतो आणि पुढचा पुरेसा वापरतच नाही. धडक टाळायला हातात वेळ असतो तो जेमतेम दोन सेकंदांचा. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेककडे बोट पोचेपर्यंतच बरंच अंतर संपलेलं असतं.

ड्रम ब्रेक या वेळी काय करतो? नीट लावलेला ड्रम छोट्या गाडीला पुरतो, यात शंका नको. गाडी हलकी असते, वेग बेताचा असतो. अडचण येते ती तीन ठिकाणी. लांब उतारावर सतत ब्रेक धरून आलात तर ड्रम तापतो आणि पकड सुटत जाते. तिथे खालचा गिअर टाकून इंजिनाने गाडी रोखायची असते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की आत पाणी शिरतं आणि पहिले एक-दोन ब्रेक पोकळ जातात. आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) झिजत गेला की लिव्हर हळूहळू खोल जातो, इतका हळू की रोज चालवणाऱ्याचा हात त्याला सरावून जातो.

डिस्क पाणी लवकर झटकते, मोकळ्या हवेत असल्यामुळे लवकर निवते, आणि पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पट्ट्या) झिजले तरी पिस्टन पुढे सरकून फट आपोआप भरून काढतो. शिवाय बोटांना अंदाज चांगला येतो: किती दाबलं की किती लागतो, हे कळतं. पण तोच आपोआप भरून काढण्याचा गुण फसवाही आहे. पॅड संपत आले तरी लिव्हर पूर्वीसारखाच लागतो. पॅड धरणाऱ्या कॅलिपरमध्ये डोकावून पॅडची जाडी पाहिली नाही, तर पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज येईल तेव्हाच कळायचं, आणि तोवर डिस्कवर चरे पडलेले असतात. ब्रेक ऑइलचंही तसंच. डॉट ३ आणि डॉट ४ ही तेलं हवेतला ओलावा शोषतात, त्यामुळे त्यांचा उत्कलनबिंदू उतरतो. म्हणून गाडी कमी चालली असली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे; तशी गाडी चालवू नये. हे तेल रंगावर सांडलं तर रंग उतरतो, तेवढंही ध्यानात असू द्या.

ड्रमचं काम घरी होतं. मागच्या ब्रेकचा नट फिरवून पायाचा प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) दोन-तीन सेंटिमीटरवर आणायचा, मग गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक मोकळं फिरतं का ते पाहायचं, आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का तेही. हा दिवा तपासायचा राहतो आणि मागून येणाऱ्याला तुम्ही थांबताय हे कळतच नाही. बऱ्याच ड्रमवर बाहेर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला की लायनर बदलायची वेळ आली. ड्रम उघडलाच तर आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता एबीएस. पुढचं चाक अडकलं की गाडी सावरायला वेळच मिळत नाही, चालक सरळ खाली येतो. मागचं अडकलं तर गाडी शेपूट हलवते, पण बहुतेकदा सावरता येते. छोट्या गाड्यांत फक्त पुढच्या चाकाला एबीएस देतात ते याच हिशेबाने, आणि तो हिशेब मला पटतो. ओल्या रस्त्यावर घाबरून गच्च दाबणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी सोय छोट्या गाडीत नाही. त्याच्या मर्यादाही आहेत: वळणात झुकलेली गाडी घसरली तर साधं एबीएस वाचवेलच असं नाही, आणि सुट्या खडीवर थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं.

सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसऱ्यालाही थोडा जोर जाणं. पुढचा ब्रेक न वापरण्याची सवय त्याने काही अंशी झाकली जाते, पण चाक अडकणं थांबत नाही. एबीएसच्या जागी ते धरू नका. आणि ड्रमच्या गाडीत सीबीएस असेल तर दोन्हीकडचे प्ले एकमेकांशी जुळलेले लागतात, नुसता मागचा नट आवळून भागत नाही.

टायर आणि चाक

खिळा घुसला की ट्यूबमधली हवा झपाट्याने जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुधा भोक धरून बसतो आणि हवा सावकाश उतरते. सुरक्षिततेच्या बाजूने इथे वाद नाही, ट्यूबलेसच चांगला. पुढच्या चाकाची हवा अचानक गेली तर हँडल सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडायचा आणि त्या चाकाचा ब्रेक न लावता गाडी कडेला घ्यायची. हे लिहिणं सोपं, करणं अवघड. म्हणून ती वेळ येण्याची शक्यता कमी करणारा टायर घ्यावा.

स्पोकच्या बाजूनेही बोलायला हवं. खड्ड्यात आपटून रिम आउट झाली तर स्पोक आवळून-सोडून ती बरीचशी सरळ करता येते. अलॉय तडकलं तर ते बदलायचंच; वेल्डिंग करून वापरू नये. अलॉयची कड थोडी जरी वाकली तरी ट्यूबलेसची हवा तिथून झिरपत राहते आणि पंक्चर सापडतच नाही म्हणून माणूस वैतागतो. खराब रस्त्यावर रोज ओझं घेऊन जाणारा असाल तर स्पोकचा विचार खुशाल करा. फक्त अधूनमधून प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारा. ढिल्या स्पोकचा आवाज बद्द येतो.

ट्यूबलेसला प्लग मारायचा तो फक्त नक्षीच्या भागात. बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर टायर गेला समजा. हवा टायर थंड असताना मोजायची. छोट्या गाड्यांत ती साधारण पुढे २५ आणि मागे २८-२९ पीएसआयच्या आसपास असते, डबलसीटला मागे जास्त लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेनजवळच्या स्टिकरवर मिळेल. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. तिथेच चार आकड्यांचा शिक्काही असतो: २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नव्या गाडीचाही जरूर पाहा.

इंजिन: बिघाड कसा सांगून येतो

कार्ब्युरेटरची गाडी बिघडते ती हळूहळू. थंडीत चोक लागतो, आयडलिंग डगमगतं, प्लग काळा पडतो. महिनाभर उभी राहिली तर पेट्रोल सुकून जेट (कार्ब्युरेटरमधली बारीक छिद्रं) चोंदतात, म्हणून लांब मुक्कामाआधी पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट बाउलमधलं (कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीतलं) पेट्रोल काढून टाकावं. बॅटरी संपली तरी बहुतेक अशा गाड्या किकने सुरू होतात.

इंजेक्शनच्या गाडीला चोक नाही, उंचावर किंवा थंडीत कुरकुर नाही, ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटरला साथ नीट मिळते. पण पेट्रोल पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी पार बसली तर धक्का मारूनही गाडी सुरू होईल याची खात्री नाही. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, तेव्हा सतत रिकाम्या टाकीवर फिरणाऱ्याने ही सवय सोडावी.

गाडी पडल्यावरचा फरक मात्र फारसा कोणी सांगत नाही. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. पुन्हा सुरू करायला चावी बंद करून चालू करावी लागते. कार्ब्युरेटरची गाडी आडवी पडूनही चालू राहू शकते आणि पेट्रोल गळतं. तिथे आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) किंवा चावी बंद करायची, मग बाकी सगळं.

ऑइलच्या बाबतीत दोघी सारख्याच. छोट्या इंजिनात ते जेमतेम लिटरभर असतं आणि तेच इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही सांभाळतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) असं लिहिलेलं पाहा. कारसाठीचं घर्षण कमी करणारं ऑइल घातलं तर क्लच प्लेट घसरायला लागतात. इतक्या थोड्या ऑइलात पाव लिटर कमी होणंसुद्धा मोठं आहे, त्यामुळे दर आठवड्याला गाडी सरळ उभी करून डिपस्टिक पाहणं दोन्ही गाड्यांना सारखंच लागू.

चेन: झाकलेली की उघडी

ही निवड क्षुल्लक वाटते, पण देखभालीचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पूर्ण चेन कव्हर असलेली गाडी पावसाचिखलात चेन जपते, साडी-ओढणी आत जाऊ देत नाही आणि महिनोन्‌महिने त्रास देत नाही. त्रास देत नाही म्हणूनच ती विसरली जाते. कव्हरला तपासायचं एक रबरी बूच असतं; ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवून पाहायची. उघडी चेन डोळ्यांसमोर असते, पण तिला दर पाचसहाशे किलोमीटरला पुसून तेल लागतं, पावसात त्याहून लवकर.

ढिलाई साधारण दोन-तीन सेंटिमीटर हवी, आणि चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजायची, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जास्त सैल चेन स्प्रॉकेटवरून (चेनच्या दातेरी चक्रावरून) उतरून चाक अडकवू शकते. खूप ताणलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. अनेक जण ‘घट्ट म्हणजे चांगली’ समजून हेच करतात. चेन आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, ते पाहा. चेनची टोकं जोडणारी क्लिपची कडी असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायची नाही. बोटं जातात.

साडी नेसून किंवा मूल घेऊन मागे बसणारं कोणी घरात असेल तर झाकलेली चेन घ्या, बाकी गुणदोष नंतर बघता येतील.

मग कोणती?

गाडी नव्याने शिकणारा, गर्दीत आणि पावसात रोज फिरणारा असेल तर नव्या घडणीची घ्यावी. एकच वाढीव गोष्ट परवडत असेल तर आधी एबीएससकट पुढची डिस्क, मग ट्यूबलेस. जास्त सीसीचा नंबर त्यानंतर लागतो. सव्वाशे सीसीचं इंजिन डबलसीटला चढावर बरं पडतं हे खरं, पण गाडी थांबवायला त्याचा उपयोग नाही.

गॅरेज लांब आहे, रस्ते खराब आहेत, हातात पाना धरायची सवय आहे, वेग बेताचा आहे, अशा माणसाला जुन्या घडणीची गाडी कमी पडणार नाही. पावसात पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवायचं आणि पुढचा ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबायची सवय मोकळ्या मैदानात लावून घ्यायची, एवढं मात्र तिला हवं.

दुसऱ्याने वापरलेली गाडी विकत घेणार असाल तर तपासणीही घडणीप्रमाणे बदलते. ड्रमच्या गाडीला चाक उचलून फिरवा, घासण्याचा आवाज ऐका, बाण कुठवर पोचतो ते पाहा. एबीएसच्या गाडीला चावी लावल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. तो जळतच राहिला तर बिघाड आहे. आणि चावी लावूनही तो मुळात लागलाच नाही, तर बिघाड झाकायला कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. अशी गाडी मेकॅनिकला दाखवल्याशिवाय घेऊ नका.